बोरिवली स्टेशन ते कान्हेरी: मुंबईच्या जंगलातला दिवस नीट कसा आखायचा

बोरिवलीला लोकल संपते आणि स्टेशनपासून एक-दीड किलोमीटरवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य दार लागतं. अंतर इतकं कमी असल्यामुळेच माणसं बेसावध राहतात. 'जवळच तर आहे' म्हणून अकरा वाजता घरातून निघतात, पश्चिमेला उतरतात, दारात तासभर रांगेत उभी राहतात, पोरं भुकेजतात आणि उद्यानातली कान्हेरी लेणी न बघताच सगळे परत फिरतात. ओळखीतल्या कित्येक कुटुंबांचं हे असंच होतं. दोष जंगलाचा नाही, क्रम चुकतो.

या लेखाचा सगळा भर एका नियमावर आहे: सगळ्यात लांबचं ठिकाण सगळ्यात आधी, आणि मग हळूहळू स्टेशनकडे सरकत यायचं. दाराजवळची बाग, सफारी, झाडाखालचं जेवण हे सगळं परतीच्या वाटेवर ठेवा.

१. आदल्या दिवशीची तयारी

आधी वार बघा. उद्यान सोमवारी बंद असतं आणि कान्हेरी लेणीही. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. पाहुणे सोमवारी मोकळे असतात, सगळे निघतात आणि बंद दारातून परत येतात. मोठा सण किंवा निवडणूक आसपास असेल तर उद्यानाच्या वेळा बदलल्या आहेत का तेही पाहून घ्या.

मग ब्लॉक बघा, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात तो. रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो. ब्लॉक नेमका कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, ते शनिवारच्या बातम्यांत येतं. गोरेगाव-बोरिवली पट्ट्यात असेल तर काही गाड्या रद्द होतात, काही अलीकडेच थांबतात. हे ब्लॉक बहुतेकदा सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे सकाळी लवकर निघणाऱ्याला जाताना त्रास नसतो, दुपारी परतताना होतो. तेव्हा ब्लॉक किती वाजता संपतो ते लिहून ठेवा.

सामान कमी, पण नेमकं:

- स्टीलच्या किंवा टिकाऊ बाटल्यांत भरपूर पाणी. कान्हेरीचा वरचा भाग म्हणजे उघडा कातळ, तिथे तहान दुप्पट लागते.
- डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. दारात पिशव्या तपासतात.
- तळव्याला पकड असलेले बूट. गुळगुळीत सोलच्या चपला कातळावर घसरतात.
- टोपी, पावसाळ्यात रेनकोट. छत्री नको, कारण लेण्यांच्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात.
- थोडी सुटी रोकड. जंगलात नेटवर्क मध्येच जातं, मोबाइलवरून पैसे देण्यावर पूर्ण विसंबू नका.
- पाठीवरची सॅक, तीही चेन पूर्ण बंद होणारी. हातातली कापडी पिशवी का नको, ते माकडांच्या भागात येईलच.

तपासा: उद्या सोमवार नाही ना? ब्लॉकची वेळ लिहिली का? घरातल्या प्रत्येकाच्या फोनला चार्जिंग आहे का?

२. कुठली गाडी पकडायची

चर्चगेट, दादर, वांद्रे, अंधेरी या बाजूनं येणाऱ्यांनी 'बोरिवली' पाटीची गाडी घ्यावी, 'विरार' पाटीची नाही. विरार फास्ट लवकर पोचते हे खरं, पण ती गर्दी पुढे जाणाऱ्यांची असते. दारात उभे असलेले लोक नालासोपारा-विरारला उतरणारे असतात. बोरिवलीला उतरणारा त्यांच्यामधून वाट काढेपर्यंत प्लॅटफॉर्मवरचे आत घुसू लागतात. एकट्यादुकट्याला जमतं. आजी-आजोबा आणि लहान मूल सोबत असेल तर हा धोका पत्करूच नये. धीम्या बोरिवली लोकलला चर्चगेटहून तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण बसून जाता येतं आणि गाडी तिथेच संपते.

गाडी तिथेच संपते म्हणून निवांत उतरता येईल असंही समजू नका. तीच गाडी उलट चर्चगेटकडे निघते, त्यामुळे जागा पकडायला प्लॅटफॉर्मवरची माणसं गाडी थांबायच्या आधीच आत उड्या घेतात. कांदिवली गेलं की उठा, मुलांचा हात धरा आणि दाराजवळ या. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते डब्यात कुणालाही विचारा, नेहमीचे प्रवासी लगेच सांगतात.

घरातल्या बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असतील तर भेटायची जागा निघण्याआधीच ठरवा. 'स्टेशनवर भेटू' म्हणजे काहीच ठरलेलं नसतं. बोरिवली स्टेशनला अनेक पूल आहेत. 'पूर्वेला बाहेर पडून तिकीट खिडकीपाशी' असं स्पष्ट सांगा.

हार्बरच्या प्रवाशांनी लक्षात ठेवावं की त्यांची गाडी गोरेगावपर्यंतच येते. तिथे किंवा त्याआधी अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या गाडीत बदलायचं.

ठाणे, मुलुंड, भांडुपकडच्यांना दोन वाटा आहेत. दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेवर जाणं ही जुनी वाट. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन मला दुसरी वाट जास्त पसंत आहे: घाटकोपरला उतरून मेट्रो १ घ्यायची, अंधेरीच्या एक स्थानक आधी 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे' स्थानकावर उतरायचं, पुलावरून चालत 'गुंदवली'ला जायचं आणि तिथून मेट्रो ७ नं थेट 'राष्ट्रीय उद्यान' स्थानक गाठायचं. पैसे लोकलपेक्षा जास्त जातात, पण बोरिवली स्टेशनची गर्दी पूर्ण टळते आणि उद्यानाच्या दारापाशीच उतरता येतं. हा पूर्ण मार्ग जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, तरी बऱ्याच जणांना अजून सुचत नाही.

इशारा: मेट्रो २ए वर 'बोरिवली पश्चिम' नावाचं स्थानक आहे. नाव वाचून तिथे उतरलात तर रेल्वे रुळांच्या चुकीच्या बाजूला पडाल. उद्यानासाठी स्थानक एकच, मेट्रो ७ वरचं 'राष्ट्रीय उद्यान'.

विरार, वसई, भाईंदरहून येणाऱ्यांनी कामाच्या दिवशी सकाळची वेळ टाळावी, कारण तुम्ही ऑफिसच्या गर्दीच्या दिशेनं येता. शनिवार-रविवारी सकाळी लवकर निघालात तर त्रास नाही.

३. तिकीट: परतीचं आत्ताच

मोबाइलवरचं तिकीट स्टेशनात शिरण्यापूर्वी काढा. कागदाविना मिळणारं तिकीट प्लॅटफॉर्मवर उभं राहून निघत नाही. घाईत हे ध्यानात येत नाही आणि माणसं बिनतिकीट गाडीत चढतात. एटीव्हीएमवर (स्टेशनातलं स्वतः तिकीट काढायचं मशीन) किंवा खिडकीवर काढत असाल तर परतीचं तिकीट तिथेच मागा. संध्याकाळी दमलेल्या मुलांना घेऊन बोरिवलीच्या रांगेत उभं राहणं फार जीवावर येतं.

साधं तिकीट एसी लोकलला चालत नाही. उन्हातून परतताना समोर थंडगार गाडी येते, मोह होतो आणि टीसी दंड लावतो. एसीनं यायचं ठरवलंच असेल तर त्याचं तिकीट वेगळं काढा.

४. स्टेशनबाहेर: पूर्व, आणि फक्त पूर्व

गोराईला जायचं तर पश्चिम, उद्यानाला जायचं तर पूर्व. पुलावर चढल्यावर पाट्या बघा, गर्दी जाते तिकडे वाहून जाऊ नका.

पूर्वेला उतरलात की चालत पंधरा-वीस मिनिटं, किंवा रिक्षा. मीटरचं किमान भाडं दीड किलोमीटरपर्यंत लागतं, त्यामुळे रिक्षा फार तर त्याच्या आसपास पडते. कुणी भलतीच रक्कम सांगितली तर मीटर टाकायला सांगा, नाहीतर चाला. रिक्षावाल्याला 'नॅशनल पार्क, मेन गेट' म्हणा. नुसतं 'पार्क' म्हणू नका.

दाराआधी वेस्टर्न एक्सप्रेस हायवे लागतो. महामार्ग धावत ओलांडू नका. मेट्रो स्थानकाचे जिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात. मुलं असतील तर त्या पुलावरून पलीकडे जा, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

नाश्ता इथेच, स्टेशनबाहेर किंवा महामार्गाच्या अलीकडे उरकून घ्या. आत शिरल्यावर पोट भरायची सोय शोधण्यात सकाळचा थंड वेळ जातो, आणि तो वेळ नंतर मिळत नाही.

५. दारापाशी

दारावरचं तिकीट उद्यानात शिरण्याचं असतं. कान्हेरीचं तिकीट वेगळं आहे. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि तिथली खिडकी लेण्यांपाशीच आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. सफारीचं तिकीट आणखी तिसरं. तीन तिकिटं तीन ठिकाणी, हे आधी कळलं की 'एकदा पैसे दिले ना' असा वाद होत नाही.

आत शिरल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह. दुसरं काम कान्हेरीच्या बसची चौकशी. बागेकडे, झोक्यांकडे, नदीच्या काठाकडे मुलं धावतील. त्यांना सांगा, हे सगळं परतताना. इथे अर्धा तास रमलात की बसची रांग वाढते आणि पुढचा सगळा दिवस मागे सरकतो.

तपासा: सकाळचे नऊ वाजायच्या आत तुम्ही दाराच्या आत आहात का? दहा वाजून गेले असतील तर या दिवशी सफारी सोडा आणि फक्त कान्हेरी करा. दोन्ही अर्धवट करण्यापेक्षा ते बरं.

६. दारापासून कान्हेरीपर्यंत

अंतर साधारण सहा किलोमीटर. तीन पर्याय आहेत.

बस: कुटुंबासाठी हीच. उतरल्यावर लगेच, तिथेच उभं राहून, कंडक्टरला परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारा आणि घड्याळात त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावा. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तोच कुणी विचारत नाही. शेवटची बस चुकली तर मावळत्या उजेडात सहा किलोमीटर जंगलातून चालायची वेळ येते.

सायकल: दाराजवळ भाड्यानं मिळतात. घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची लावून घ्या. जाताना शेवटचा टप्पा चढाचा आहे, बहुतेकांना तिथे उतरून सायकल ढकलावी लागते. येताना तोच उतार होतो, आणि ब्रेक तेव्हाच लागतात.

चालत: हिवाळ्यात, सकाळी लवकर, गटानं. डांबरी रस्ता सोडायचा नाही. आडवाटेनं आत शिरणं नियमात बसत नाही आणि शहाणपणाचंही नाही. शिलोंडासारख्या पायवाटा उद्यानाच्या परवानगीनं आणि माणूस सोबत घेऊनच करायच्या असतात. तुळशी आणि विहार तलाव मुंबईला पाणी पुरवतात, तिकडे आपल्या मनानं जाता येत नाही.

बिबट्यांबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगतो. हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि बिबटे त्यात मोकळे असतात, पिंजऱ्यात नाही. दिवसा, रस्त्यावर, चार माणसांत तुम्हाला तो दिसणारही नाही. पहाट आणि संध्याकाळ त्याची. म्हणूनच अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं, आणि लहान मुलाला एकटं पुढे किंवा मागे राहू द्यायचं नाही. हे दोन नियम पाळले की घाबरायचं कारण उरत नाही.

७. कान्हेरी: आधी वर, मग खाली

इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी एका दिवसात होत नाहीत, तो हट्टही नको.

नेहमीची चूक अशी: आत गेल्या गेल्या १, २, ३ क्रमांकाची लेणी लागतात. ३ नंबरचा चैत्य (प्रार्थनेचं लेणं) मोठा आहे, ओसरीत दोन्ही बाजूंना सात मीटरच्या आसपास उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. लोक तिथे फोटो काढत तास घालवतात, तोवर ऊन चढतं, मग वरच्या तापल्या कातळाकडे बघून माघारी फिरतात. तुम्ही उलटं करा:

- पायऱ्यांनी सरळ वर चला. वरचा कातळ पूर्ण उघडा आहे, सावली फक्त लेण्यांच्या आत. तो भाग उन्हाआधी संपला पाहिजे.
- वर जाताना किंवा येताना ११ नंबरचं लेणं नक्की बघा. आत लांबलचक दोन दगडी बाकं आहेत, ठेंगणी, समोरासमोर. मुलं दमली असतील तर दहा मिनिटं थांबायला याहून गार जागा नाही. दगडावर नावं कोरणं, खडूनं लिहिणं हा गुन्हा आहे, हे मुलांना आत जाण्याआधीच सांगा.
- वर थोडा वेळ थांबा, पाणी प्या, मग उतरा.
- ३ नंबर सर्वांत शेवटी. बाहेर पडायच्या वाटेवर आहे, उरलेला वेळ सगळा तिथे देता येतो.

आता ज्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगतो ती गोष्ट. लेण्यांच्या अंगणात, बहुधा एका कडेला, कातळात खोदलेली पाण्याची कुंडं आहेत. त्यांची तोंडं जमिनीच्या पातळीला असतात. कठडा नसला तर नजर मूर्तीकडे असलेल्या माणसाला ती दिसत नाहीत. आत अंधारं, हिरवट पाणी असतं आणि खोलीचा अंदाज वरून येत नाही. पावसाचं पाणी त्यात नेणारे अरुंद पन्हळ कातळभर आहेत, त्यांत पाय अडकून मुरगळतो. अंगणात शिरताना आधी खाली बघा, मग समोर. मुलांना हात सोडून पळू देऊ नका, आणि मागे सरकत सरकत फोटो काढायला तर कुणालाच देऊ नका.

पायऱ्याही तशाच. कित्येक पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, वर बारीक माती असते. चढताना जाणवत नाही, उतरताना पाय सरकतो. कडेनं, तिरकं पाऊल टाकत उतरा.

माकडं: बसथांब्यापासून वरपर्यंत असतात. ती माणसावर चालून येत नाहीत, खाण्यावर येतात. पाकिटाचा चुरचुर आवाज, चेन उघडण्याचा आवाज, हातात लोंबणारी पिशवी, एवढं त्यांना पुरतं. पिशवी सोडली नाहीत तर ओढाताण होते आणि त्यात नखं लागतात. म्हणून लेण्यांवर खाणं काढूच नका, फक्त पाणी. पिशवी ओढलीच तर सोडून द्या. केळं देऊन फोटो काढणाऱ्यांना थांबवा. एकाला खायला मिळालं की त्यामागून येणाऱ्या मुलाच्या हातावर झडप पडते. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस पुढच्या दिवसावर ढकलायची नसते.

पावसाळ्यातला इशारा: जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ धरतं. ओहोळ छोटा दिसतो, पण वर पाऊस वाढला की काही मिनिटांत फुगतो. पाण्यात उतरायचं नाही. दहिसर नदी याच जंगलातून येते, दाराजवळच्या तिच्या पात्रालाही तोच नियम. रखवालदारानं शिट्टी मारली तर त्याच्याशी वाद घालू नका, मागे या.

८. परत दाराकडे

गजर वाजला की निघा, 'अजून एक लेणं' नको. दाराजवळ उतरलात की डबा उघडा, झाडाखाली, उरलेलं सगळं परत पिशवीत. सफारी करायची असेल तर जेवणाआधी तिच्या खिडकीवर जाऊन गाडीची वेळ घ्या, मग जेवा. आधी जेवून मग खिडकीवर गेलात की मधला वेळ वाया जातो. ज्या मुलांना सकाळी बागेपासून ओढून नेलं होतं, त्यांना आता मनसोक्त खेळू द्या.

९. परतीची लोकल

बोरिवलीहून सुटणारी गाडी आहे म्हणजे बसायला जागा आहे. त्यासाठी दोन गोष्टी बघा: गाडी चर्चगेटला जाणारी आहे का, आणि ती विरार-भाईंदरहून येतेय की इथूनच सुटतेय. इंडिकेटरवरून दुसरी गोष्ट कळत नाही, म्हणून वेळापत्रकात बोरिवलीहून सुटणाऱ्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा आधीच बघून ठेवा. विरारहून भरून आलेली फास्ट सोडली आणि दहा मिनिटं थांबलात, तरी घरी पोचायला फारसा फरक पडत नाही.

इथे मात्र सकाळचा प्रसंग उलटा होतो. रिकामी होणाऱ्या गाडीत चढणारे तुम्ही. आत लहान मुलाला घेऊन उतरणारं कुणीतरी असेल, त्यांना आधी उतरू द्या. जागा मिळतेच.

कामाच्या दिवशी संध्याकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्यांची दिशा गर्दीच्या उलट असते, त्यामुळे पाच-सहा वाजताही प्रवास सुसह्य होतो. विरारकडे जाणाऱ्यांनी मात्र त्या वेळेत स्टेशनवर येऊ नये, चारच्या आत निघावं. रविवारी संध्याकाळी दोन्ही दिशांना गर्दी असते. मुसळधार पाऊस लागला असेल तर दारातून बाहेर पडायच्या आधीच गाड्यांची स्थिती बघा. लोकल अडकल्या असतील आणि मेट्रो चालू असेल, तर 'राष्ट्रीय उद्यान' स्थानकावरून गुंदवलीपर्यंत जाऊन अंधेरी गाठता येते.